हनुवटी

सासूबाई : झालं? एवढ्यात?

सून : झालं, आई. मूठ सोडा. हात हळू बाहेर काढा, वर फळी आहे, कोपर आपटेल.

सासूबाई : आत्ता कुठे गोडी लागली होती. बरं, सांग, कितवी आले मी?

सून : इथे नंबर नसतात. आणि तुम्ही तर मोजणीतही नाही. यंत्राची मोटर बदलून आलीय, ती नीट चालते का हे बघायला बसवलं तुम्हाला.

सासूबाई : म्हणजे पहिली आले. ढ असते तर आधी पाणी हवंय का म्हणून विचारलं असतंस.

सून : तुम्हाला कोण फसवणार! या, इकडे स्क्रीनवर बघा. ही तुमच्या हाताची वाट. सुरुवातीला यंत्रानं मूठ उजवीकडे ढकलली, तेव्हा हात असा वाहवत गेला. समोरच्या दिव्याकडे जायचं सोडून पार बाजूला. आणि ही शेवटची खेप. बघा.

सासूबाई : ही माझी? अगं बाई, उभ्या जन्मात मी एवढी सरळ रेघ मारली नाही. पट्टी घेऊनसुद्धा.

सून : आणि तीही हात फळीखाली झाकलेला असताना! हात कुठे पोचला ते दाखवणारा ठिपका समोर नाही, काही नाही. तरुण मुलांना मी ठिपका दाखवला नाही, तर ती शेवटपर्यंत भरकटत राहतात. पण तुमच्या वयाची माणसं शिकतात. यंत्र किती ढकलतंय ते हात आपलं आपणच ओळखतो आणि तेवढाच जोर उलटा लावतो. हेच माझं सगळं पीएचडीचं काम, आई. न बघता शिकणारा म्हातारा हात. सोमवारी समितीपुढे हेच मांडायचं, की मग फक्त प्रबंध बांधून द्यायचा राहिला.

सासूबाई : न बघता कुठे? चांगली बघत होते की.

सून : म्हणजे? फळीखालून दिसतं? थांबा, कुठल्या फटीतून?

सासूबाई : फटीतून कशाला बघू? मी काय चोर आहे? तुझ्याकडे बघत होते.

सून : माझ्याकडे?

सासूबाई : तू तिथे उभी होतीस ना, त्या कॉम्प्युटरमागे. माझा हात उजवीकडे गेला की तुझी हनुवटी डावीकडे. थोडीशीच. फारच गेला की मग खांदाही. आणि नेमका गेला की तुझे खांदे खाली यायचे. मग काय, मी म्हटलं, आपण हिचे खांदे खाली आणायचे. यंत्र गेलं उडत.

सून : मी हलत नव्हते, आई. मी लोकांसमोर मुद्दाम स्थिर उभी राहते.

सासूबाई : हो हो, फार स्थिर. पोरगा सायकल शिकत होता तेव्हा फाटकाशी उभी राहून तू त्याच्यापेक्षा जास्त वाकायचीस. तो पडायचा सायकलवरून आणि तू पडायचीस फाटकावर.

सून : ते वेगळं.

सासूबाई : काही वेगळं नाही. माझी थोरली बहीण पत्ते खेळताना डावी भुवई एवढीशी उचलते, की मी समजते, बदामाचा एक्का हिच्याकडे. परकरी पोरी होतो तेव्हापासून आम्ही एका बाजूला, आणि आजवर आम्हाला कुणी हरवलं नाही. त्या भुवईपुढे तुझी हनुवटी म्हणजे चौकातली पाटी. अगं, हसतेस काय? खरं सांगतेय.

सून : हसत नाहीये. आई, एक मिनिट. एकच मिनिट बोलू नका.

सासूबाई : चेहरा का उतरला तुझा? मी काही चुकीचं केलं का? तुझ्याकडे बघायचं नाही असं तू सांगितलं नव्हतंस हं.

सून : नव्हतंच सांगितलं. कुणालाच नाही सांगितलं. हात झाकला, ठिपका बंद केला आणि मला वाटलं, आता बघायला काही उरलंच नाही. आणि मी स्वतः तिथे ठिपका बघत उभी.

सासूबाई : बरं, मग?

सून : पोराला कांजिण्या झाल्या होत्या, तेव्हा मी घरी होते, आठवतं? ते दिवस इथल्या तंत्रज्ञ मुलानं लोक बसवले. तो खोलीत थांबत नाही, काचेपलीकडे त्याच्या टेबलाशी बसतो. त्या दिवसांतल्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकही शिकलं नाही.

सासूबाई : एकही?

सून : एकही. आम्ही म्हटलं, त्यानं लोकांना नीट समजावलं नसेल, घाईत उरकलं असेल. ती माणसं हिशोबातून काढून टाकली. बिचाऱ्याला सरांनी चार शब्द सुनावले. आणि त्याचंच बरोबर होतं.

सासूबाई : मला सोप्या भाषेत सांग.

सून : म्हातारा हात न बघता शिकलाच नाही. म्हाताऱ्या डोळ्यांनी माझी हनुवटी वाचली. तरुण पोरं माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, ती समोरच्या दिव्याकडे बघतात, म्हणून ती नापास.

सासूबाई : अरे देवा. म्हणजे एवढ्या वर्षांचं?

सून : मुसळ केरात.

सासूबाई : हे बघ, मी मोजणीत नाही म्हणालीस ना? मग माझं बोलणं पण मोजू नकोस. माझ्या तोंडाला कुलूप. तू सोमवारी जा, ती सरळ रेघ दाखव आणि पेढे... नाही, काय ते, सही घेऊन ये. कुणाच्या बापाला कळणार आहे?

सून : मला कळलंय.

सासूबाई : तेवढंच ना!

सून : आई, दार वाजतंय. सरच असणार. तुम्ही काही बोलू नका, मी सांगते.

सर : चाललं का यंत्र? या, ताई, नमस्कार. मोटरनं तुम्हाला जास्त ओढलं नाही ना?

सासूबाई : नमस्कार. नाही हो, यंत्र गुणी आहे. मी काही बोलणार नाही, मला सांगितलंय.

सर : हे काय आता?

सून : सर, बसता का?

सर : उभ्यानं ऐकायची बातमी नाही वाटतं. बोल.

सून : ठिपका न दाखवलेला गट. त्यांना खूण मिळत होती. माझ्याकडून. मी माझ्या स्क्रीनवर त्यांचा ठिपका बघते आणि ते चुकले की माझी मान कलते. आईंनी ती बघून हात सरळ केला. आत्ता, याच खुर्चीत.

सर : यांनी सांगितलं?

सून : सहज बोलता बोलता.

सर : एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेही घरच्या माणसावरून! यांना तुझ्या मानेची सवय आहे.

सासूबाई : सवय कसली. दिवसभर इथे असते ही. मान बघायला मिळते कुठे!

सून : कांजिण्यांच्या सुट्टीतली माणसं, सर. जी आपण काढून टाकली. तो काचेपलीकडे होता.

सर : तो तिथे बसून मोबाइलवर मॅच बघत होता.

सून : म्हणूनच. त्याची हनुवटी हलत नव्हती.

सर : हं.

सून : आणि आपल्याकडे बघण्याजोगं अजून आहे. बाजूचा कॅमेरा. लोक खुर्चीतून पुढे झुकतात का हे तपासायला लावलेला. मी त्याच्यात कडेला येते, अर्धी. आपण आजवर ती रेकॉर्डिंग्ज उघडली ती खांदे आणि कोपर बघायला.

सर : लाव. कुणाचं लावतेस?

सून : ते मफलरवाले आजोबा. आपली सगळ्यात देखणी रेघ. परिषदेत तुम्ही दाखवणार आहात ती.

सर : लाव तर खरं.

(पडद्यावर जुनं रेकॉर्डिंग चालू होतं.)

सासूबाई : बघितलंत? हात टेकला की लगेच आजोबांची नजर हिच्याकडे. पुन्हा. पुन्हा. अहो, पट्टीचे खेळाडू दिसतात.

सर : आवाज नाही ना याला?

सून : नाही. मी बोलत नाहीच कधी. बोलायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

सर : मागे घे जरा. तिथे. थांबव. ही तू?

सून : ही मी.

सर : हे तर वाऱ्यावर कललेलं झाड आहे.

सून : बारा वर्षं मी अर्धांगवायूच्या लोकांचे हात उचलून घेतलेत, सर. पेशंटचा हात जिकडे जायला हवा, तिकडे माझं अंग आधी जातं. ते मला कळतही नाही. क्लिनिकमध्ये त्याला हातगुण म्हणायचे.

सर : आणि आपण दोघं एवढे दिवस काय बघत होतो?

सून : हात.

सर : फक्त हात. छान. माणसाच्या हालचालींचे अभ्यासक! बंद कर ते.

सासूबाई : पाणी देऊ का तुम्हाला?

सर : नको, ताई. तुम्हाला एक सांगू? हे खरं असावं असं मला फार वाटत होतं. आता माझी निवृत्ती आलीय. लोक मला रस्ता ओलांडताना धरायला येतात. आणि हिनं आणून दाखवलं की म्हाताऱ्या हाताला तरुणापेक्षा जास्त कळतं. मग ती न शिकलेली माणसं काढून टाकताना मला फार विचार करावासा वाटला नाही. तंत्रज्ञावर खापर फोडलं आणि मोकळा झालो.

सून : काढायला मीच सुचवलं होतं, सर.

सर : आणि मी हो म्हटलं. ते राहू दे. आता सोमवार. दोन रस्ते दिसतात मला. पहिला असा. ठिपका दाखवलेल्या गटाचं काम निखळ आहे. दुसऱ्या गटाखाली तू एक ओळ घालायचीस. ‘प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीत उपस्थित होती, तिचा प्रभाव पूर्णपणे नाकारता येत नाही.’ खोटं नाही ते. समितीतलं कुणी विचारणार नाही. विचारलं तर मी बसलोय. परिषदेतलं भाषण मी माझ्यापुरतं आजारी पडून टाळेन.

सून : आणि दुसरा?

सर : दुसरा तुलाही माहीत आहे. सोमवार रद्द. छापायला पाठवलेला पेपर मी परत मागवतो. सगळी माणसं नव्यानं. एक वर्ष, कदाचित वरही. मी तोवर इथून गेलेला असेन, पण येत जाईन. खुर्ची नसली तरी स्टूल देतील.

सून : दुसरा.

सर : घरी विचारून सांग.

सून : त्याला विचारायचं कशाला? सर, ती ओळ वाचून कुणाला काय कळणार? माझा प्रबंध वाचून उद्या एखादी मुलगी तिच्या क्लिनिकमध्ये पेशंटला एकट्याला बसवेल. म्हणेल, म्हातारा हात आपला आपण शिकतो, सिद्ध झालंय. तो पेशंट शिकणार नाही. आणि ती म्हणेल, हाच ऐदी आहे. मी नाही का म्हणायचे!

सर : काय म्हणायचीस?

सून : माझ्यासमोर हात छातीपर्यंत उचलायचे. घरी गेले की जैसे थे. पुढच्या खेपेला आले की पुन्हा माझ्यासमोर छातीपर्यंत. मी रागवायचे, घरी व्यायाम करत नाही म्हणून. त्यांच्या बायका शपथेवर सांगायच्या, करतात हो, रोज करतात. मला ते समजेना, म्हणून तर चालतं क्लिनिक सोडून मी तुमच्या दारात आले. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, प्रश्न काय आहे तुझा, तेव्हा मी हेच सांगितलं होतं.

सर : आठवतंय. मी म्हटलं होतं, फार मोठा आहे, लहान करून आण.

सून : लहान करता करता मूळ प्रश्नच हरवला. पण, सर, घरी ते करत होते. फक्त घरी मी नव्हते. माझी हनुवटी नव्हती.

सर : थांब. तू पुन्हा घाई करतेस. हे उत्तर नाही.

सून : उत्तर नाही म्हणत.

सर : प्रश्न आहे. आणि चांगला आहे. निदान आपला आहे. एक गट तुझ्यासमोर, एक गट पडद्याआड. हात कोणाकडून शिकतो आणि एकटा पडल्यावर त्यातलं काय उरतं. पण त्याला वर्ष लागेल ते लागेलच. जुन्यातलं एक माणूस मी तुला वापरू देणार नाही.

सून : मी मागणारही नाही.

सर : ताई, तुम्ही एकदम गप्प झालात.

सासूबाई : तुमचं चालू द्या. मी जरा बाहेर व्हरांड्यात जाऊन येते. ही पिशवी धर ग.

सून : थांबा, आई, खुर्चीची चाकं लॉक करते.

सासूबाई : नको, नको. तू तिकडे बघ. सरांशी बोल. मी उठते माझी.

सर : ताई, हे किती दिवसांचं आहे?

सासूबाई : काय?

सर : उजवा पाय पुढे टाकून, दोन्ही हात टेकून, सगळा भार डावीकडे घेऊन उठलात. आणि अजून उजव्या पायावर उभ्या राहिला नाहीत.

सासूबाई : बसून बसून मुंग्या आल्या.

सून : आई, चार पावलं चाला.

सासूबाई : चालायला काय धाड भरलीय? चालत तर आले.

सून : लिफ्टनं आलात. रिक्षातून उतरताना मी फोनवर होते. चाला.

सासूबाई : घ्या. चालले.

सून : गुडघा वळतच नाहीये. आई, हा आजचा नाही. डॉक्टरला दाखवलंत?

सासूबाई : दाखवलं.

सून : कधी?

सासूबाई : दाखवलं म्हटलं ना.

सून : काय म्हणाले?

सासूबाई : बदलायचा म्हणाले. घासून गुळगुळीत झालाय. घाई नाही म्हणाले.

सून : असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही.

सासूबाई : बरं, घाई मी नाही म्हणाले. मी म्हटलं, सुनेचं शिक्षण संपतंय, तिची पदवी हातात आली की मी खाटेवर पडते. घरात एका वेळी एकीनंच पडावं. पोराचं, डब्यांचं कोण बघणार? माझा लेक भांडी घासताना दोन फोडतो.

सून : मी बारा वर्षं लोकांचे गुडघे हलवले. माझ्या घरात माणूस लंगडतंय आणि मला पत्ता नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

सासूबाई : तुझा काय दोष? तू आलीस की मी बसलेलीच असते.

सून : मुद्दाम?

सासूबाई : फाटक वाजलं की बसायचं. सकाळी तू गेलीस की उठायचं. मधे काही लागलं तर पोराला हाक. तुझ्या या यंत्रासारखंच आहे, सगळं फळीखाली.

सून : सर, पहिला रस्ता.

सर : काय?

सून : ती ओळ. मी घालते. सोमवारी मांडते. पुढचं नंतर बघू, पदवी झाल्यावर नीट प्रयोग करून नवा पेपर लिहीन, त्यात सगळं खरं सांगीन. आईंना मी अजून एक वर्ष असं बसवून ठेवणार नाही.

सर : तुझा निर्णय आहे. मी म्हटलंय, बसेन तुझ्या बाजूनं.

सासूबाई : हो का? आणि मी कुठे बसू?

सून : आई, तुम्ही...

सासूबाई : माझं ऐक. मघाशी कुलपाचं मीच बोलले. मला वाटलं, कुठल्या तरी रेघेचा प्रश्न आहे, वाकडी काय आणि सरळ काय. ते पेशंटचं तू आत्ता सांगितलंस. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आणि उजाडलं की लोक काय म्हणतील? सासूच्या गुडघ्यासाठी केलं. माझ्या गुडघ्याला एवढं मोठं नाव नको.

सून : लोकांचं सोडा.

सासूबाई : सोडलं. माझं धर मग. तू क्लिनिक बंद केलंस तेव्हा सगळं घर म्हणालं, या वयात कसली शाळा. मी म्हटलं, जाऊ दे तिला, घर मी बघते. ते काय, तू लोकांना एक ओळ घालून दाखवावीस म्हणून? मला राग आलाय, सांगून ठेवते. मला राग फार कमी वेळा येतो.

सर : मला आधी वाटलं होतं, या गप्प बसणाऱ्या आहेत.

सासूबाई : तुम्ही पण! एवढे मोठे, आणि आजारी पडून भाषण टाळणार! खोटं आजारपण अंगाला लागतं.

सर : चुकलं, ताई. जातो मी परिषदेला. मफलरवाल्या आजोबांची रेघ दाखवतो आणि मग हिची हनुवटी. सगळ्यांसमोर.

सून : पण गुडघा थांबणार नाही. हे मी तुमच्या दोघांच्या समोर सांगतेय. आई, तुमचा गुडघा पुढच्या महिन्यात होईल. तुमचा लेक रजा काढेल. भांडी फुटू देत.

सासूबाई : आणि तुझं वर्ष?

सून : सकाळी इथे, संध्याकाळी तुमचा व्यायाम. तो मीच घेणार. दोन्ही होईल. रडतखडत होईल, पण होईल. तुम्ही एकीनंच पडावं म्हणता, पण मी पडणार नाहीच आहे.

सासूबाई : तू व्यायाम घेणार? म्हणजे मी तुझ्यासमोर पाय उचलायचा आणि तू गेलीस की जैसे थे?

सर : ताई, तुम्हाला प्रवेशपरीक्षेशिवाय घ्यायला हवं आमच्याकडे.

सून : म्हणून तर पाठ करून उभी राहणार आहे मी. सर, त्या तपासणीच्या खाटेवरची चादर घेऊ का? आणि तो सलाइनचा स्टँड?

सर : आत्ता?

सून : सोमवारी समितीला नुसतं ‘चुकलं’ म्हणून सांगायचं नाही मला. पुढे काय करणार तेही सांगायचंय. पडदा कुठे धरायचा, मला माझा स्क्रीन दिसू द्यायचा की नाही, ते आधी करून बघू.

सर : घे चादर. मी समितीला फोन लावतो. सोमवार रद्द नको, तोच राहू दे. फक्त विषय बदललाय म्हणून सांगतो. आणि त्या तंत्रज्ञाला काहीतरी गोड नेऊन द्यायला हवं मला.

सासूबाई : चादर इकडून ओढ. खाली फट राहिलीय. मी असले ना, तर तुझ्या चपलांवरूनसुद्धा ओळखेन.

सून : तुम्ही बसताय पुन्हा? आई, तुम्हाला आता सगळं ठाऊक झालंय, तुमचा काही उपयोग नाही प्रयोगाला.

सासूबाई : माझ्यासाठी नाही बसत. तुझ्यासाठी बसतेय. पडद्याआड तरी तू गप्प राहतेस का, ते बघायचंय मला. सवय तुला मोडायचीय. लाव यंत्र.

सून : खुर्ची लॉक केलीय. हात धरा, बसा सावकाश. उजवा पाय लांब ठेवा, तसाच. या वेळी यंत्र दुसऱ्या बाजूला ढकलेल. दिवा लागला की जायचं.

सासूबाई : लागला. हं... अगं, ओढतंय की चांगलंच. गेला का सरळ?

सून : ...

सासूबाई : ऐकू आलं का पलीकडे? डावीकडे गेला ना जरा? जास्त गेला?

सून : ...

सासूबाई : खोकलीस तू. खोकला कशाचा? बरोबरचा की चुकल्याचा?

सून : खोकल्याचा.

सासूबाई : बरं. हा दुसरा. आता तरी? अगं, एक शब्द बोल. म्हातारीला अंधारात सोडतेस?

सून : पुढचा घ्या, आई.

सासूबाई : गेला की नाही, एवढंच सांग.

सून : पुढचा घ्या.

सासूबाई : घेते. आता जमायला लागलंय तुला.